समजा, आत्याचं घर हे एक बंदर आहे

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या पेंग्याचा वाकून, म्हणजे आता पाठीतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून, नमस्कार. (खुर्चीत बसून बसून माझ्या पाठीचा वरचा अर्धा भाग स्वतंत्र कारभार पाहू लागला आहे. खालच्याशी त्याचं बोलणं नाही.) तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना तो अजून 'कट्' करतो का, आणि तू अजून त्याला "गप रे" म्हणतेस का? गच्चीवरची टाकी गळायची थांबली, की तिच्याखालच्या बादलीलाच आता घरातलं माणूस मानायचं ठरलं? शेजारच्या शिंप्याला माझा नमस्कार सांग. त्याने शिवलेली पँट अजून टिकून आहे. मी तिच्यात मावत नाही, पण यात त्याचा काही दोष नाही. मी इकडे खुशाल आहे.

मागे फोनवर तू विचारलंस, "नोकरी आहे ना रे?" आणि मी "आहे" म्हणालो आणि लगेच आवाज तुटत असल्याचं सोंग करून फोन ठेवला. तुला ते कळलंच असणार. तुझ्यापुढे फोनवर खोटं बोलणं म्हणजे मांजरासमोर दूध लपवणं. म्हणून हे पत्र. 'आहे' हे उत्तर जरा लांबलचक आहे, ते फोनवर मावण्यासारखं नाही. शिवाय पत्रात माझा आवाज कापरा झाला तरी तुला ऐकू येणार नाही. इतकंच आधी सांगून ठेवतो, की माझी खुर्ची राहणार की जाणार, हे महिनाअखेरीस ठरायचं होतं, आणि तो महिना आता संपला आहे. पण घाई करू नकोस, क्रमाने सांगतो.

तू लोकांना सांगतेस की भाचा कॉम्प्युटरमध्ये असतो. (असं सांगतेस की जणू मी आत राहतो आणि संध्याकाळी खिडकीतून हात हलवतो.) खरं काम सोपं आहे. आपल्या देशातले लाखो लोक रोज सकाळी अंघोळ करून, गळ्यात ओळखपत्र अडकवून, परक्यांच्या घरची धुणीभांडी करायला बसतात. फक्त ती पाण्याशिवाय करायची आणि मालक समुद्रापलीकडे असतो, एवढाच फरक. त्यांच्या बँकांचे हिशेब, त्यांच्या विमानांच्या वेळा, त्यांच्या दवाखान्यांची बिलं, सगळं आम्ही इथे घासूनपुसून ठेवायचं. माझ्या वाट्याला एक जहाज कंपनी आलेली आहे. तिची जहाजं कुठे आहेत हे सांगणारा एक म्हातारा प्रोग्राम आहे आणि त्याची सेवाशुश्रूषा माझ्याकडे आहे. त्याला जहाजाबद्दल तीनच गोष्टी कळतात: निघालं, वाटेत आहे, पोचलं. लिहिणारे गृहस्थ केव्हाच निवृत्त झाले. त्यांनी मागे काही लिहून ठेवलेलं नाही, फक्त एका ठिकाणी सूचना आहे, 'इथे हात लावू नये.' मी कधी लावला नाही. माझी आजवरची सगळी कारकीर्द म्हणजे त्या एका जागी हात न लावणं, असं म्हटलं तरी चालेल, आणि ती मी निष्ठेने केली.

पलीकडे या कामाचं ज्यांना घेणंदेणं, त्या एक बाई आहेत. मी त्यांना मनात सकाळबाई म्हणतो, कारण त्यांची सकाळ होते तेव्हा आमची संध्याकाळ झालेली असते. ऑफिसच्या काचांवर ऊन पिवळं होऊन खाली घसरायला लागलं की स्क्रीनवर त्यांची ओळ उमटायची, 'सुप्रभात. माझी जहाजं कुठे आहेत?' मी सांगायचो. त्या आभार मानायच्या. इतकी वर्षं आमचं बोलणं एवढंच. मी त्यांना पाहिलं नाही, आवाज ऐकला नाही. एकदा मात्र त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली होती, की खिडकीत कबुतर येऊन बसलंय आणि त्यांना त्याच्यासमोर डबा उघडायची लाज वाटते. मी त्यावर काय लिहावं याचा दोन दिवस विचार केला आणि शेवटी लिहिलं, 'नोंद घेतली आहे.' आत्या, मला माणसांशी बोलता येत नाही ते हे असं.

तर सगळं असं सुस्त आणि सुखाचं चाललेलं असताना दोन मोठ्या देशांचं भांडण लागलं. एक सकाळबाईंचा देश, दुसरा त्यांच्याकडे माल पाठवणारा. एकाने सकाळी म्हणायचं, तुझ्या मालावर एवढा कर. दुसऱ्याने दुपारी म्हणायचं, मग तुझ्या मालावर दुप्पट. संध्याकाळी दोघांनी म्हणायचं, बघू, तूर्त थांबा. नळावरची भांडणं तू पाहिली आहेस. दोघी बादल्या आपटत बसतात आणि मधून पाणी वाहून जातं. इथे जहाजं वाहून जायला लागली. छत्र्या भरून निघालेलं जहाज अर्ध्या वाटेवर पोचेपर्यंत छत्र्या महाग झालेल्या असत, म्हणून त्याला सांगायचे, थांब. ते थांबलं की स्वस्त होत, म्हणून सांगायचे, नीघ. निघालं की म्हणायचे, परत फीर. शेवटी बिचारी जहाजं भर समुद्रात इंजिन बंद करून नुसती तरंगत उभी राहिली. ना निघालेली, ना वाटेतली, ना पोचलेली. आमच्या म्हाताऱ्या प्रोग्रामला असलं काही माहीतच नाही. तो त्यांना रोज वेगळं काही तरी म्हणायचा. मंगळवारी 'पोचलं' म्हणालेलं जहाज बुधवारी 'निघालं' व्हायचं. सकाळबाईंची ओळ आता दिवसातून पाच-सहा वेळा यायला लागली आणि तिच्यातून 'सुप्रभात' गळून पडलं. मला फार वाईट वाटलं.

त्यातच बातमी पसरली की तिकडचे लोक आमच्या कामावरही कर बसवणार. आम्ही म्हणायचो, जहाज डोळ्यांना दिसतं, त्याला अडवता येतं. आमचं काम तारेतून जातं, त्याला कुठल्या नाक्यावर अडवाल? पण नाका लावायचाच म्हटला की जागा सापडते. मजल्यावर सगळ्यांचे चेहरे दाढ दुखत असल्यासारखे झाले. मग आमच्या साहेबांनी सभा घेतली. यांना आम्ही लूपसाहेब म्हणतो, कारण ते सगळ्यांना सांगतात की मला लूपमध्ये ठेवा. (म्हणजे प्रत्येक पत्राची एक प्रत मलाही पाठवा. ते वाचत नाहीत, पण आपण वाचू शकलो असतो या भावनेने त्यांना शांत झोप लागते.) साहेब म्हणाले की हे संकट नसून संधी आहे. ऑफिसात कोणी 'संधी' म्हणालं की मी टेबलाचा खण आवरायला घेतो. संधी अशी होती, की माणसांनी केलेल्या कामावर कर बसेल, पण काम यंत्राने केलं तर ते काम नव्हेच, नुसतं यंत्राचं चालणं. तेव्हा कंपनीने एक बुद्धिमान यंत्र आणलं आहे. त्याला शिकवा, ते आपलं सगळं करील.

या यंत्राचं खरं नाव लांब आणि परदेशी आहे. आम्ही त्याला जावईबापू म्हणतो. आल्यापासून सगळे त्याच्या पुढेपुढे करतात, त्याला उकडू नये म्हणून त्याची खोली थंड ठेवतात, खायला वीज फार लागते, आणि तो काहीही बोलला तरी घरातली वडील माणसं "वा!" म्हणतात. लूपसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या डोक्यात जे जे आहे ते सगळं त्याला देऊन टाक. मग तू मोकळा." ते फार प्रेमाने म्हणाले. मी मान डोलवली, आणि जागेवर येऊन टेबलाचा खण पुन्हा आवरायला घेतला.

जाणाऱ्याने येणाऱ्याला डोकं रिकामं करून देण्याच्या या विधीला आमच्यात 'केटी' म्हणतात. माणसाला केटी देणं सोपं असतं. तो जांभई देतो, मग आपण थांबतो, मग दोघे चहाला जातो, आणि तिथे खरं शिक्षण होतं. जावईबापू जांभई देत नाहीत. टेबलावर एक छोटी काळी डबी ठेवलेली, तिच्यावर हिरवा ठिपका. ठिपका जळतोय म्हणजे जावईबापू ऐकताहेत. आपण बोलत राहायचं.

खोली होती पुंजमेघ. आमच्या मजल्यावरच्या खोल्यांना ढगांची नावं आहेत (सगळा कारभार ढगात गेलाय म्हणून कोणाला तरी ही कल्पना सुचली). तेव्हा 'साहेब तंतुमेघात आहेत, अर्ध्या तासाने खाली येतील' असली वाक्यं आम्ही न हसता बोलतो. पुंजमेघ अगदी टोकाला. तिथपर्यंत जाताना रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा लागतात. काहींच्या पाठीवर अजून कोणाकोणाची स्वेटरं लटकत असतात, माणसं गेलेली. खोलीत एक टेबल, पांढरा फळा, आणि छतात असले दिवे, की जे माणूस हलला तरच जळतात. पाच मिनिटं हात हलवला नाही की दिव्यांची खात्री पटते की खोलीत कोणी नाही, आणि ते विझतात. मग मी दोन्ही हात वर करून 'आहे, आहे' असं दिव्यांना सांगायचो. पहिले काही दिवस सांगितलं. नंतर कंटाळा आला. दुपारच्या अंधारात, समोर फक्त हिरवा ठिपका, थंडगार वारा, बाहेर काचेवर पारव्याची सावली, आणि मी बोलतोय. आत्या, मी शाळेत गणिताच्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपायचो ते तुला ठाऊकच आहे, माझं पेंग्या हे नावच त्यावरून पडलं. ती विद्या अजून शाबूत आहे. फरक एवढाच, की आता मी झोपेतही बोलत होतो आणि समोरचा टिपून घेत होता.

आता चूक कशी झाली ते ऐक. शिकवायचं म्हणजे 'समजा' आलंच. समजा एका माणसाकडे बारा लिंबं आहेत. गुरुजी असं म्हणाले की आपण मान डोलवायचो, पण त्या लिंबांचं सरबत करायला कोणी उठलं नाही. समजाचा व्यवहार धड्यापुरता, फळा पुसला की लिंबं गेली, हे पोरासोरांनाही कळतं. तर मी जावईबापूंना थांबलेल्या जहाजांबद्दल सांगत होतो, की प्रोग्रामला एक चौथी गोष्ट शिकवायला हवी. न निघालेल्या, न पोचलेल्या जहाजांना उभं राहायला एक जागा हवी. समजा, असं एक बंदर आहे. कुठलं बरं बंदर घ्यावं? समोर अंधार, डोळ्यांवर झापड, आणि तोंडातून निघून गेलं, समजा, आमच्या आत्याचं घर हे एक बंदर आहे.

एकदा सुरुवात झाल्यावर थांबायचं कसं ते मला कळेना. मी सांगितलं की ज्याला कुठे जायचं ते ठरत नाही, त्याने आत्याकडे जावं, ही आमच्या घरातली जुनी पद्धत आहे. काकांचं काकूंशी बिनसलं तेव्हा काका तुझ्याकडे राहिले होते. ताई नापास झाली तेव्हा ताई. तुझी ती मैत्रीण, जी दोन दिवसांसाठी म्हणून आली आणि तिच्या हाताने लावलेल्या पेरूला फळं धरल्यावर गेली. मी नियमही सांगितले. चपला बाहेर काढायच्या. तोंड वेंगाडून बसायचं नाही. आल्या आल्या कोणी 'कशाला आलास' विचारणार नाही, आधी जेवलास का विचारतील. दुसऱ्या दिवशी काही तरी काम मिळेल, वाटाणे सोलणं किंवा दाराला तेल घालणं. तिसऱ्या दिवशी आत्या आपल्या कामातून मान वर न करता विचारील, "मग, पुढे काय ठरवलंयस?" आणि काही ठरलेलं नसलं तर "बरं" म्हणेल. मी पत्ता सांगितला. शिंप्याच्या शेजारी, पाण्याच्या टाकीखाली. मग बहुधा मी पुरताच झोपलो, कारण नंतर मी तुझ्या गच्चीबद्दल बोललो. लहानपणी तिथे झोपलो की मागच्या झाडांमधून वारा असा यायचा, की मला वाटे, घरामागे समुद्र आहे आणि मोठी माणसं आपल्याला सांगत नाहीत. मी जावईबापूंना छातीठोकपणे सांगितलं, की घरामागे समुद्र आहे, पण तो दिवसा दिसत नाही.

जावईबापूंनी हे सगळं खरं मानलं. त्यांना समजा कळत नाही, बाकी सगळं कळतं.

मग एका सोमवारी कंपनीने जहाजांचं काम त्यांच्या हाती सोपवलं. मला शेजारी बसवलं, फक्त पाहायला. (बेंचवर, म्हणजे काम नसलेल्यांच्या बाकावर, बसवण्यापूर्वी माणसाला असं काही दिवस खुर्चीत ठेवतात. गार व्हायला.) संध्याकाळी सकाळबाईंची ओळ आली, 'माझी जहाजं कुठे आहेत?' जावईबापूंनी क्षणात उत्तर दिलं. छत्र्यांचं जहाज, आत्याच्या घरी. पियानोंचं जहाज, आत्याच्या घरी. सायकलींचं आजच आलं, आत्याच्या घरी, चपला बाहेर. आता तिकडून आरडाओरडा होणार म्हणून मी टेबलाची कड धरून बसलो. मग ओळ आली, 'छान. धन्यवाद. सुप्रभात.'

आत्या, त्या बाईंना कित्येक आठवडे कोणी त्यांच्या जहाजांचा धड ठावठिकाणा सांगितला नव्हता. त्यांना वाटलं असणार, असेल कुठलं तरी बंदर, जगात बंदरं काय थोडी आहेत. रोज नवी जहाजं येत गेली. तिकडे तक्त्यांवर जिथे लाल दिसायचं तिथे हिरवं दिसू लागलं, आणि हिरवं दिसलं की साहेब लोक प्रश्न विचारत नाहीत, हे सगळ्या देशांत सारखंच आहे. जहाजांच्या कप्तानांनाही जावईबापू आपणहून लिहायला लागले. 'जेवलात का? घाई नाही. दोराला तेल घालून घ्या.' तिसऱ्या दिवशी, 'मग, पुढे काय ठरवलंय?' बारा गावचं पाणी प्यायलेले ते कप्तान, पण उत्तरं अशी लिहायला लागले की मी ती वाचताना खिडकीकडे तोंड करून बसायचो. एकाने लिहिलं, की पुढे काय ते मालकांना माहीत नाही, मलाही नाही, पण विचारलंत, बरं वाटलं. जावईबापूंनी त्याला उत्तर दिलं, 'बरं.'

खरं सांगू? मला त्यांचा हेवा वाटला. तुझं बोलणं मला इतकं चांगलं कधी बोलता आलं नाही. ज्या बाईंना कबुतराबद्दल मी 'नोंद घेतली आहे' लिहिलं, त्यांना जावईबापूंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, कबुतराला काही खायला घालता की नाही. ते त्यांनी माझ्याच जुन्या कागदांतून उचललं होतं. घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. डोळे मिटले की तुझी गल्ली दिसायची. तिच्यात जहाजं येताहेत, सावकाश, भोंगे बंद ठेवून, कोणाची झोप मोडू नये म्हणून. डोलकाठ्या पेरूच्या फांद्यांना लागू नयेत म्हणून एक खलाशी पुढे धावतोय. शिंपी दारात उभा राहून एका शिडाचं माप घेतोय आणि म्हणतोय, शिवणीत थोडं सोडतो, पुढे अंगाबरोबर वाढेल. आणि तू ओट्याशी कप मोजतेयस, कमी पडतात म्हणून चिडतेयस, पण कोणाला परत पाठवत नाहीयेस. असा मी पडून राहायचो आणि मला चांगलंच बरं वाटायचं.

शेवटी व्हायचं ते झालंच. तिकडे एक तपासनीस आहे, त्याला नकाशांचं वेड. जगातलं सगळ्यात गजबजलेलं बंदर आपण कधी ऐकलं कसं नाही, म्हणून त्याने नकाशा मोठा करत करत थेट तुझ्या गल्लीपर्यंत आणला. साठ-सत्तर जहाजं शिंप्याच्या दुकानाशेजारी, आणि सगळ्यात जवळचा समुद्र दोन दिवसांच्या प्रवासावर. तातडीची सभा बसली. स्क्रीनवर तिकडची मोठमोठी डोकी, इकडे पुंजमेघात लूपसाहेब, कपाळ पुसत. एरवी सगळ्या लूपमध्ये असणारे साहेब म्हणाले, "या बाबतीत मला लूपमध्ये ठेवलं नव्हतं." मग सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी उभा राहिलो. (बसून बोलायची सभा होती, पण शाळेची सवय.) म्हटलं, ते बंदर नाही, माझ्या आत्याचं घर आहे. मी फक्त समजा म्हणालो होतो.

पाच मिनिटं कोणीच हललं नाही म्हणून दिवे विझले, आणि अंधारात एक बाई बोलल्या. मी सकाळबाईंचा आवाज मनात फार नाजूक ठरवला होता. तो जाडाभरडा निघाला, सर्दी झालेला. त्या म्हणाल्या, "आत्या खरंच आहे का?" मी म्हणालो, "आहे. जिना उतरताना गुडघा वाजतो." त्या म्हणाल्या, "मग नाव तेच राहू द्या. माझ्या जहाजांना तिथे बरं वाटतंय." मी हात वर करून दिवे लावले तेव्हा लूपसाहेबांचा चेहरा असा फुलला होता, की जणू तुझ्या घराचा पाया त्यांनीच खणला. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं, पण त्या दिवशी दोघांनाही पेढे मिळाल्यासारखं झालं. करार वाढला. जावईबापूंचा गौरव झाला. साहेबांना बढती मिळाली, ते आता पुंजमेघातून आणखी वर, तंतुमेघात बसतात. मलाही एक कप मिळाला, त्यावर 'आम्ही एक कुटुंब आहोत' असं छापलेलं आहे. तेव्हा शेवट गोड झाला. तू काळजी करू नकोस. टाकीची बादली वेळेवर रिकामी करत जा आणि गुडघ्याला जप.

तुझाच,
पेंग्या

ता. क. कदाचित तुला परदेशातून एखादं जाड पाकीट येईल. 'आत्याचं घर' या नावाने बंदर चालवायला आपली हरकत नाही ना, असं विचारलेलं असेल. सही करायच्या आधी त्यांना गच्चीवरच्या टाकीचं काम करून द्यायला सांग. माझ्यापेक्षा तुझ्या शब्दाला तिथे मान जास्त आहे.

आणखी एक ता. क. तू विचारलं होतंस, नोकरी आहे ना. त्याचं उत्तर वर लिहायचं राहिलं. नोकरी आहे, आत्या. फक्त ती आता जावईबापूंकडे आहे. साहेब म्हणाले, तुझ्या डोक्यातलं सगळं आलंय त्याच्यात, तू उत्तम शिकवलंस. ते खोटं बोलत नव्हते. ओळखपत्र दारावर जमा करून बाहेर आलो तेव्हा चांगलं ऊन होतं, आणि मला एकदम भीती वाटली. अजून वाटते. सकाळी नेहमीच्या वेळेला जाग येते, अंघोळ करतो, कपडे घालतो, आणि मग दारात उभा राहतो.

अगदी शेवटचा ता. क. हे पत्र पेटीत टाकून चार दिवसांनी मी गाडीत बसणार आहे, तेव्हा मागची खोली झाडून ठेव, नाही ठेवलीस तरी चालेल. खरं विचारायचंय ते वेगळंच. तुझा टायपिंगचा क्लास बंद झाला तेव्हा मी फार लहान होतो. पुढच्या खोलीत टकटक चालायची आणि एक दिवस ती थांबली, एवढंच आठवतं. गावात कॉम्प्युटर आले होते. हातगाडीवर एकेक मशीन चढवताना तू वर चादर टाकत होतीस, पाऊस नव्हता तरी. त्याबद्दल तू कधी काही बोलली नाहीस आणि आम्ही कोणी विचारलं नाही. तर आत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तू काय केलंस, तेवढं मला सांग. पण मी आल्या आल्या नको. आल्यावर आधी मी तुला सगळं उत्तम चाललंय म्हणून सांगेन. ते माझं पुरतं सांगून होऊ दे, मग सांग.